पहिल्या दहा कल्पना सगळ्यांच्याच

कथेचं बीज शोधायला चॅटजीपीटी किंवा जेमिनी उघडणं मराठी लेखकाला आता नवं नाही. दिवाळी अंकाची मुदत जवळ आली की बरेच जण उघडतात, काही जण तसं सांगतातही. यंत्राने लिहिलेल्या मजकुरावर, उचलेगिरीवर, स्वामित्वहक्कावर आपल्याकडे चर्चा होते. त्याच्या आधीचा, काय लिहायचं ते ठरण्याचा टप्पा मात्र या चर्चेतून सुटतो. मला तोच सगळ्यांत नाजूक वाटतो.

शिरवळचंच उदाहरण घेऊ. नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलं की लागणारं हे गाव. महामार्ग, कारखाने, भाड्याच्या खोल्यांत राहणारे परगावचे कामगार, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, आणि याच खंडाळा तालुक्यात सावित्रीबाईंचं नायगाव. ‘शिरवळच्या पार्श्वभूमीवर दहा कथाकल्पना दे’ म्हटलं की काय हाती येतं? महामार्गावरचा म्हातारा चहावाला. शहरातून परतलेला मुलगा. जमीन विकून पस्तावलेला बाप. नदीकाठची आजी. यातलं चूक काहीच नाही, पण एकाही कल्पनेला शिरवळ लागत नाही. पेठनाक्यावर किंवा खोपोलीतही ती तशीच चालेल. कशापाठोपाठ काय येण्याची शक्यता जास्त, हे आधीच्या अफाट मजकुरावरून ताडत ही साधनं चालतात. त्यामुळे पहिलं उत्तर बहुधा सगळ्यांत रुळलेलं असतं. त्या मजकुरात मराठी इंग्रजीच्या मानाने फार थोडी, मग खंडाळा तालुक्याच्या वाट्याला किती येणार!

अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये एक प्रयोग मांडला. यंत्राकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा वाचणाऱ्यांना अधिक सर्जनशील वाटल्या, विशेषतः ज्यांना एरवी कमी सुचतं त्यांच्या. पण सगळ्या कथा शेजारी ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या निघाल्या. एकेका लेखकाचा फायदा आणि साहित्याचं नुकसान, दोन्ही एकाच वेळी. वर्षाला शेकडो दिवाळी अंक काढणाऱ्या भाषेने याची काळजी करायलाच हवी.

एकत्र बसून कल्पना काढायची विचारमंथनाची (ब्रेनस्टॉर्मिंगची) पद्धत अमेरिकी जाहिरातवाल्या ॲलेक्स ऑसबर्न यांनी १९५३ च्या पुस्तकातून लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना मिळून जास्त भरल्या, आणि चांगल्याही निघाल्या. गटात सगळे एकाच वाटेने विचार करू लागतात, असं कारण तिथे मांडलं गेलं. यंत्रासमोर बसलेल्या लेखकाचं हेच होतं. ते आधी बोलतं आणि आपण त्याच्या वाटेला लागतो. म्हणून माझा आग्रह साधा आहे: आधी कागदावर स्वतःचं वेडंवाकडं उतरवावं, मग यंत्र उघडावं. आणि त्याने दिलेल्या पहिल्या दहा कल्पनांची यादी, काय लिहायचं नाही ते कळावं म्हणून जवळ ठेवावी.

यंत्राचा खरा उपयोग भूमिका उलटी केल्यावर होतो. माझाच एक अनुभव. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, आणि २०२२ मध्ये जनावरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ पसरली. शर्यतीचा बैल आणि लम्पी, इतकंच सांगून मी कल्पना मागितल्या तेव्हा रडणारा शेतकरी मिळाला. मग म्हटलं, कल्पना नकोत, मला प्रश्न विचार. एक प्रश्न आला: बैल आजारी आहे हे सगळ्यांत आधी कोणाला कळतं, आणि ते माणूस गप्प का राहतं? हा प्रश्न जगातल्या कुठल्याही गोठ्याला लागू पडेल. उत्तर द्यायला मात्र इथला गोठा, इथली उधारी, दावणीपाशी बसणारी घरातली बाई माहीत असावी लागते. तिथे कथा सुरू झाली. आजाराची लक्षणं यंत्राने भराभर सांगितली, पण ती जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासूनच घ्यावीत.

इतिहासात तर धोका मोठा. शिरवळच्या सुभानमंगळ गढीचं नाव शिवकाळातल्या १६४८ च्या लढाईत येतं. आज तिथे फारसं काही उभं नाही. यंत्राला विचारलं तर बुरूज, दरवाजे, किल्लेदाराचा स्वभाव, सगळं बेधडक सांगेल. लेख तपासला जातो, कल्पना कोणी तपासत नाही. म्हणून असला खोटा तपशील कादंबरीच्या पायातच जाऊन बसतो.

बोलीबद्दल तर मी अजिबात समाधानी नाही. गावाकडचा संवाद मागितला की प्रमाण मराठीत ‘रं’ आणि ‘व्हय’ पेरून मिळतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे पहिल्या ओळीत कळतं. सांगलीच्या तारा भवाळकरांनी आयुष्यभर अभ्यासलेली बायकांची ओवी-उखाण्यांची परंपराही यंत्राच्या हाताला नीट लागत नाही.

यंत्राची मदत उघडपणे सांगताही येते. जपानमध्ये जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाल्यावर रिए कुदान यांनी कादंबरीचा सुमारे ५ टक्के भाग चॅटजीपीटीचा असल्याचं मोकळेपणाने सांगितलं. आपल्याकडे दिवाळी अंकांच्या संपादकांनी लेखकांना एवढं विचारावं: बीज कुठून आलं, यंत्राला काय विचारलं, त्यातलं काय टाकून दिलं. ही टिपणं छापून आली तर नव्या लेखकांना त्यांचा उपयोग होईल, आणि समीक्षेलाही अंदाजावर न बोलता समोरच्या पुराव्यावर बोलता येईल.