कर्त्याचा लोप : घाटकोपर प्रकरण आणि राज्यसंस्थेचे उत्तरदायित्व

‘मरणे’ आणि ‘मारणे’ या दोन क्रियापदांत अंतर आहे ते केवळ एका कान्याचे. पडणे-पाडणे, गळणे-गाळणे या जोड्यांप्रमाणेच येथेही पहिल्या रूपात घटना आपोआप घडल्यासारखी दिसते. दुसऱ्यात मात्र कर्त्यावाचून वाक्य उभेच राहत नाही. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) कर्ता, कर्म व प्रयोग यांची चर्चा आपण करीत आलो आहोत; परंतु ती बहुधा रामाने रावणास मारल्याच्या उदाहरणापाशी थांबते. प्रस्तुत टिपणात ती पोलीस कोठडीच्या दारापर्यंत नेण्याचा विचार आहे. ‘कोठडीतील मृत्यू’ हा रूढ शब्दप्रयोग घेतला, तर त्यात अधिकरण आहे, कर्ता नाही. चौकशी पुरी होईपर्यंत वृत्तपत्राने याहून अधिक बोलू नये, हे रास्तच आहे. प्रश्न आहे तो कायद्यानेही अधिकरणापाशीच थांबावे काय, हा.

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट होऊन दोन जण मृत्युमुखी पडले. या प्रकरणी पकडलेल्यांत ख्वाजा युनूस हा परभणीचा, दुबईत नोकरी करणारा तरुण अभियंता होता. जानेवारी २००३ मध्ये त्याला औरंगाबादकडे नेत असता पारनेरजवळ मोटारीला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला कोठडीत मारहाण होताना आणि तो रक्त ओकताना आपण पाहिले, असे एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले. मृतदेह मिळाला नाही. स्फोटाच्या खटल्यातील आरोपी २००५ साली निर्दोष सुटले.

‘पळून गेला’ या क्रियापदाकडे अभ्यासकांनी अवश्य लक्ष द्यावे. ‘मृत्यू झाला’ या रचनेत कर्त्याचा लोप होतो. ‘पळून गेला’ या रचनेत तो लोपत नाही, बदलतो. ज्याच्या स्वाधीन स्वतःचे शरीरही नव्हते, तोच वाक्याचा कर्ता होतो, आणि ज्यांच्या स्वाधीन तो होता ते वाक्यातून बाहेर पडतात. हे वाक्य नवे नाही. ओरिसातील नीलाबती बेहेरा यांच्या मुलाविषयी १९८७ साली पोलिसांनी असेच सांगितले होते, की तो बांधलेली दोरी दातांनी कुरतडून पळाला आणि पुढे आगगाडीखाली सापडला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हे कथन फेटाळून आईस दीड लाख रुपये भरपाई देवविली, आणि मूलभूत हक्कांच्या भंगापुढे राज्याच्या सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, असे स्पष्ट केले.

आंतरराष्ट्रीय विधीने कर्त्याचा हा प्रश्न अधिक धीटपणे सोडविला आहे. होंडुरासमधील व्हेलास्केझ रॉड्रिगेझ प्रकरणात (१९८८) अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयापुढे मृतदेहही नव्हता आणि प्रत्यक्ष कृती करणाऱ्याचे नावही सिद्ध झाले नव्हते. तरीही राज्य उत्तरदायी ठरले. युरोपीय न्यायालयाने तुर्कस्तानविरुद्धच्या सलमान प्रकरणात (२०००) म्हटले, की कोठडीत काय घडले हे सांगण्याचा भार राज्यावर आहे. म्हणजे येथे अधिकरणच कर्त्याकडे बोट दाखवते : जागा ज्याच्या ताब्यात, जबाब त्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने २००१ साली तयार केलेल्या अनुच्छेदांनुसार राज्याच्या अंगाने केलेले कृत्य हे राज्याचेच कृत्य होय, मग त्या अंगाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडलेली असो वा आज्ञा मोडलेली असो.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आरंभी मला वाटले, की राज्य हे प्रयोजक क्रियापदातील प्रयोजक कर्त्यासारखे असावे : शिपाई मारतो, राज्य मारविते. विद्यार्थ्यांपुढे ही उपपत्ती मी मोठ्या हौसेने मांडलीही होती. पण ती टिकत नाही. प्रयोजक म्हटले की प्रेरणा सिद्ध करणे आले, आणि वरून हुकूम नव्हता एवढे म्हटले की राज्य मोकळे. उत्तरदायित्वाच्या सिद्धान्तात राज्य हा साधा कर्ता आहे. शिपाई हा त्याचा हात. आणि हाताचा दोष त्यामुळे पुसला जात नाही, हेही त्याच अनुच्छेदांत (क्र. ५८) नमूद आहे.

आपल्या व्यवस्थेतील विसंगती नेमकी येथे आहे. घाटकोपर प्रकरणात गुन्हे अन्वेषण विभागाने चौदा पोलिसांवर खटला भरण्याची शिफारस केली; शासनाने मंजुरी दिली ती चौघांपुरती. २०१२ साली उच्च न्यायालयाने आईला वीस लाख रुपये भरपाई देवविली. भरपाईच्या वाक्यात राज्य कर्ता आहे. फौजदारी वाक्यात मात्र तेच राज्य, कोणी कर्ता व्हावे याची परवानगी देणारे होऊन बसते. उत्तरदायी पक्षाच्या हाती आरोपींची यादी आखडण्याचा अधिकार असावा, ही रचना मला तर्कदुष्ट वाटते. भरपाईचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु कोणत्या कृत्याची भरपाई, हे ज्या वाक्यात सांगायचे ते अपुरे ठेवून पैसे मोजले, तर ती भरपाई सानुग्रह मदतीसारखी दिसू लागते.

डी. के. बसू निकालातील (१९९६) अकरा सूचनांपैकी पहिलीच सूचना अशी, की अटक करणाऱ्या पोलिसाने नावाची स्पष्ट पट्टी लावावी. कर्त्याला नाव द्या, एवढेच ती सांगते. पुढील सूचना अटकेचा पंचनामा, नातलगांस खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी अशा आहेत. त्या उपयुक्त खऱ्या; पण त्यांतून निपजतो तो कागद, आणि कागद पुन्हा पोलिसांच्याच हातचा. विधी आयोगाने आपल्या ११३व्या अहवालात (१९८५) याहून मूलगामी उपाय सुचविला होता : कोठडीत इजा झाल्याचे दिसल्यास ती पोलिसांनी केली, असे न्यायालयास गृहीत धरता यावे. २०१७ च्या २७३व्या अहवालात तीच शिफारस पुन्हा आली. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही तिला स्थान मिळाले नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याचे अनुसमर्थन केलेले नाही. लोकसभेने २०१० साली संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयकही पुढे व्यपगत झाले.

असे गृहीतक पोलिसांवर अन्याय करील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. तपासाचा ताण आणि वरिष्ठांचा तगादा यांची कल्पना बाहेरच्यास येणे कठीण. तथापि हे गृहीतक खंडनीय आहे. ते दोष लावीत नाही, जबाब मागते. बंद खोलीतील घटनेची साक्ष ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच ती द्यावी, हा पुराव्याच्या शास्त्रातील जुनाच न्याय आहे. मृत माणसाच्या आईने ती कोठून आणावी?

मंजुरी मिळालेले ते चौघे २००४ पासून निलंबित होते. जून २०२० मध्ये, खटला चालू असतानाच, त्यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले. ‘घेण्यात आले’ या प्रयोगातही कर्त्याचा लोपच. आईने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अवमान याचिका दाखल केली. त्या याचिकेत कर्ता होता : महाराष्ट्र शासन.