विमानाचं पॅनेल आणि सॉफ्टवेअरची निवड: माझं मत

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावरून चाचणीसाठी उडालं. तेव्हापासून आमच्या खान्देशात 'आपणही करू' म्हणणारे वाढलेत. परवा एमएस्सीच्या एका ज्युनियरने विचारलं, "भाऊ, विमानाचं इन्स्ट्रुमेंट पॅनेल डिझाइन करायला कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" तुम्ही उद्या प्रयोगशाळेत कुठल्याही उपकरणाचं पॅनेल कराल, तेव्हा तुम्हालाही हाच प्रश्न पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काम काय आहे ते बघा. वैमानिकासमोर मधोमध क्षितिजदर्शक, त्याच्या डावीकडे वेगमापक, उजवीकडे उंचीमापक, खाली दिशादर्शक. हा इंग्रजी 'टी' आकार ठरलेला आहे, तिथे तुमची कलाकारी नको. गोल उपकरणांची भोकंही ठरलेली: मोठी सव्वातीन नव्हे, ३⅛ इंच (सुमारे ७९.४ मिमी) आणि लहान २¼ इंच. म्हणजे सॉफ्टवेअरने मोजमाप जसंच्या तसं पत्र्यापर्यंत पोचवायचं, एवढंच मुख्य काम. रंगीत चित्र दुय्यम.

पॉवरपॉइंटमध्ये पॅनेल काढणारे बरेच असतात. मांडणी कशी दिसेल हे ठरवायला ठीक आहे, त्यापुढे नाही.

इन्कस्केपवर मात्र माझा जुना राग आहे, आणि तो अर्धा माझ्यावरच आहे. मोफत, सोपं, देखणं. पण २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत त्यांनी एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. जुनी फाइल उघडताना ते विचारतं, की मोजमापाचं काय करू? मी न वाचता बटण दाबलं. लॅबमधल्या व्हॅक्यूम गेजसाठी ८० मिमीचं भोक हवं होतं, लेझरवाल्याकडून पत्रा आला तो ७५ चा! भोक कानशीने वाढवता आलं असतं हो, पण स्क्रूच्या भोकांमधलं अंतरही त्याच प्रमाणात आक्रसलेलं. पत्रा भंगारात गेला. हीच चूक विमानाच्या उंचीमापकाला केलीत तर ७९.४ चे ७४.४ होतील. शिवाय इन्कस्केपमधून डीएक्सएफ काढली की वर्तुळ वर्तुळ राहत नाही, त्याची वक्ररेषा होते. कटिंगवाल्याला व्यास थेट वाचता येत नाही. सॉफ्टवेअर वाईट नाही, ते चित्रांसाठी आहे. पॅनेलवरची अक्षरं आणि खुणा करायला मी आजही तेच वापरतो.

भोकांसाठी लिब्रेकॅड घ्या. द्विमितीय, मोफत, दिसायला जुनाट. केंद्रबिंदू आणि व्यास आकड्यांत टाकायचे, डीएक्सएफ काढायची, झालं. आठवड्यात हात बसतो.

पण पॅनेलला मागची बाजूही असते! उपकरणाची खोली, हवेच्या दाबाच्या नळ्यांचं वळण, वायरींचे जुडगे, हलणारा कंट्रोलचा दांडा. सपाट चित्रात सगळं मावतं आणि प्रत्यक्षात रेडिओची पेटी दांड्याला धडकते. चुंबकीय होकायंत्राजवळून जास्त प्रवाहाची वायर गेली तर त्याचं वाचन चुकतं. इथे फ्रीकॅड लागतं. त्यातला स्प्रेडशीटचा भाग मला फार आवडतो: उपकरणांमधलं अंतर एका ठिकाणी बदला, पूर्ण पॅनेल सरकतं. त्रासही आहे. मधलीच एखादी पायरी बदलली की पुढचं मॉडेल मोडायचं. २०२४ च्या १.० आवृत्तीत हे बरंच सुधारलंय. होकायंत्राचं मात्र ते काही सांगणार नाही, ते तुम्हालाच आठवायला हवं.

सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, फ्यूजन यांत काम भराभर होतं हे मान्यच. पण विद्यार्थ्यांचा परवाना विद्यार्थी असेपर्यंतच. घरच्या घरी विमान बांधायला वर्षानुवर्षं लागतात, आपली पीएचडीही काही लवकर संपत नाही. परवाना संपल्यावर स्वतःचीच फाइल दुरुस्त करता येत नसेल तर तो वेग काय कामाचा?

आणि काहीही निवडा, पत्रा कापायच्या आधी चित्रात १०० मिमीची एक रेघ ठेवून कागदावर छापा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा. रेघ पट्टीने मोजा. १०० भरली, तर तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून भोकं कापा, खुर्चीत बसा आणि प्रत्येक बटणापर्यंत हात पोचतो का बघा.