नियतकालिकाचा निरोप आणि वाचकसमूहाची संकल्पना

१

मराठी वाङ्मयेतिहासात नियतकालिकांच्या जन्माची नोंद जितक्या आस्थेने घेतली जाते, तितक्या आस्थेने त्यांच्या अखेरीची घेतली जात नाही. संस्थापकाची प्रेरणा, पहिल्या अंकातील भूमिका, सुरुवातीचे लेखक यांची चर्चा तपशीलवार होते. शेवट मात्र ‘पुढे अमुक साली ते बंद पडले’ एवढ्या वाक्यात उरकला जातो. ‘बंद पडणे’ हे क्रियापद घड्याळाला आणि गिरणीलाही लावले जाते. नियतकालिक थांबते तेव्हा छपाई थांबते, हे खरे. परंतु त्याबरोबर एक समूहही विसर्जित होतो, आणि या समूहाचे वाङ्मयीन स्वरूप काय होते, हा प्रश्न त्या क्रियापदाच्या आड राहून जातो.

पुण्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. ‘निबंधमाला’ (१८७४) येथूनच निघाली, किर्लोस्करवाडीला जन्मलेले ‘स्त्री’ (१९३०) पुढे येथून प्रसिद्ध होऊ लागले, श्री. ग. माजगावकरांचे ‘माणूस’ (१९६१) येथेच पाव शतक चालले. ज्या शहरात १८४८ पासून नगर वाचन मंदिराची आणि १९११ पासून मराठी ग्रंथालयाची परंपरा आहे, तेथे नियतकालिकाचे वाचन ही केवळ खाजगी बाब कधीच नव्हती. एकच अंक घरात चौघांनी, वाचनालयात चाळीसांनी वाचावा आणि त्यावरचे मतभेद कट्ट्यावर अथवा जेवणाच्या पानावर निकालात काढावेत, अशी ती रीत होती. या वाचकांना परस्परांची नावे ठाऊक नसत. तरीही आपण ‘माणूस’चे वाचक आहोत किंवा ‘सत्यकथे’चे वाचक आहोत, ही ओळख ते मिरवीत असत. ही ओळख कशातून घडते आणि निरोपाच्या क्षणी तिचे काय होते, हे तपासणे आवश्यक आहे.

२

संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पना प्रायः एकवचनी आहे. काव्याच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, असा तो एकेकटा आस्वादक होय. पाश्चात्त्य समीक्षेत हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली, तर स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये अर्थनिर्णयन करणाऱ्या समूहांचा सिद्धांत पुढे आणला. या दोन्ही मांडण्यांमुळे वाचक अनेकवचनी झाला, हे मान्य करावे लागते. परंतु फिश यांचा समूह अर्थ लावण्याच्या समान रीतींनी बांधलेला आहे. एकाच मासिकाचे वाचक मात्र एकाच रीतीने अर्थ लावतात असे नाही; किंबहुना त्यांच्यातील वाद हाच त्यांना जोडणारा धागा असतो.

त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट अर्थाइतकीच काळाशी निगडित आहे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्रवादाची मीमांसा करताना वृत्तपत्रवाचनाच्या दैनंदिन विधीकडे लक्ष वेधले होते: आपल्याप्रमाणेच असंख्य अपरिचित माणसे याच वेळी हेच वाचीत आहेत, ही जाणीव समूहाला आकार देते. मासिकाच्या बाबतीत या विधीची लय वेगळी असते. अंक हाती येण्याचा दिवस, तो उशिरा आल्यास वाटणारी चुटपूट, क्रमशः चाललेल्या लेखमालेचे पुढचे प्रकरण, मागील अंकावरील पत्रव्यवहार या साऱ्यांतून वाट पाहण्याची एक सामायिक सवय तयार होते. वाचकसमूह म्हणजे एकत्र वाट पाहणाऱ्यांचा समूह, अशी त्याची व्याख्या करता येईल. वार्षिक वर्गणी हा या प्रतीक्षेचा लौकिक करार होय. मनीऑर्डरने आगाऊ पैसे पाठविणारा वर्गणीदार जे अजून लिहिलेच गेलेले नाही, त्यावर विश्वास टाकीत असतो. पुस्तकाच्या ग्राहकाला असा विश्वास सहसा टाकावा लागत नाही.

३

या व्याख्येच्या प्रकाशात पाहिले असता अखेरच्या अंकाची एक चमत्कारिक रचनात्मक विशेषता ध्यानात येते. नियतकालिकाचा प्रत्येक अंक पुढील अंकाकडे उघडा असतो. त्यातील लेखावर आक्षेप घेता येतो, चूक दाखविता येते, संपादकाला जाब विचारता येतो, आणि हे सारे त्याच पानांवर छापून येण्याची शक्यता असते. अखेरचा अंक तेवढा या नियमाला अपवाद होय. ज्याला पत्र पाठविता येईल असा पुढचा अंक त्याला नसतो. संपादकाचे निरोपाचे निवेदन हे म्हणूनच त्या नियतकालिकातील एकमेव निरुत्तर लेखन ठरते. वाचकाला ते मान्य नसले, त्यातील कारणे अपुरी वाटली, तरी त्याचे मत आता त्या समूहापर्यंत पोहोचू शकत नाही. दुसऱ्या एखाद्या पत्रात त्याने लिहिले, तर ते बाहेरच्यांना उद्देशून लिहिलेले होईल.

परिणामतः वाङ्मयेतिहासाला निरोपाची जी साधने उपलब्ध होतात, ती जवळजवळ सर्वच एका बाजूची असतात. संपादकांची मनोगते आणि मुलाखती उरतात. लेखकांच्या आठवणी गौरवग्रंथांत येतात. ज्याने वीस वर्षे वर्गणी भरली, अंक बांधून घेतले आणि कधीमधी चार ओळींचे पत्र लिहिले, त्याचा निरोप कोठेही नोंदविला जात नाही. त्याची साक्ष असलीच तर बांधीव खंडांच्या समासांत आणि रद्दीत गेलेल्या गठ्ठ्यांवरील नावांत असते. स्वीकृतीच्या इतिहासाची भाषा बोलणाऱ्या समीक्षेने या साक्षीकडे पुरेसे लक्ष दिले आहे, असे म्हणता येत नाही.

४

या दृष्टीने काही उदाहरणे पाहणे उद्बोधक ठरेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सात वर्षांत ८४ अंकांनी पूर्ण झाली. तिचे लेखन जवळजवळ एकहाती असल्याने तिचा शेवट म्हणजे एका आवाजाने थांबणे होते. परंतु त्या वाचकाला फार काळ पोरके राहावे लागले नाही. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला होता. मासिकाच्या लयीची सवय झालेल्या वाचकाला साप्ताहिकाची वेगवान लय मिळाली. १८८२ मध्ये शास्त्रीबुवांचे निधन झाले, आणि मालेचे अंक ग्रंथरूपाने अभ्यासले जाऊ लागले. अखेरच्या अंकांतून प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. आरंभीच्या वाचकाने महिन्यामहिन्याने, शंका घेत वाचलेला मजकूर पुढील पिढ्यांनी अभिजात वा निषिद्ध म्हणून वाचला. मजकूर तोच राहिला; वाचनातील प्रतीक्षा मात्र नाहीशी झाली होती.

‘सत्यकथे’चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मुंबईहून निघणारे हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनामुळे नवसाहित्याचे केंद्र बनले; पुण्यातील वाचकालाही ते आपलेच वाटे. १९८२ मध्ये ते थांबले, तेव्हा एका वाङ्मयीन युगाचा अंत झाल्याची भावना व्यक्त झाली. ही भावना खोटी नव्हती. परंतु ती कोणाची होती, हा प्रश्न विचारणे भाग आहे. १९६९ मध्येच राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून या मासिकाच्या वाङ्मयीन सत्तेला आव्हान दिले होते, आणि त्याच्या अंकाची होळीही झाली होती. ज्यांना त्या पानांवर आपले जग कधी दिसलेच नाही, त्यांच्या दृष्टीने १९८२ हे शोकाचे वर्ष असण्याचे कारण नव्हते. निरोपाच्या प्रसंगी वापरले जाणारे ‘आपण’ हे सर्वनाम समूहाची सीमा जितकी स्पष्ट करते, तितकी ती त्याच्या हयातीत क्वचितच स्पष्ट होते. कोण हळहळले याइतकेच कोण हळहळले नाही, हेही समीक्षेचे साधन मानले पाहिजे.

तथापि होळी करणाराही एका अर्थी वाचकच असतो, हे विसरता येत नाही. ज्या मासिकाकडून काहीच अपेक्षा नाही, ते कोणी जाळीत नाही. अपेक्षाभंगाची तीव्रता हे अपेक्षेच्या क्षितिजाचेच प्रमाण होय. ‘सत्यकथे’च्या वाचकसमूहाचा इतिहास लिहावयाचा, तर त्यात वर्गणीदाराबरोबर या क्रुद्ध वाचकालाही स्थान द्यावे लागेल.

५

समूह आणि नियतकालिक यांचे आयुष्य नेहमी एकाच वेळी संपते असे नाही, हे ‘स्त्री’च्या उदाहरणावरून दिसते. विद्या बाळ यांनी दोन दशकांहून अधिक काळ या मासिकात काम केले आणि १९८६ मध्ये त्या बाहेर पडल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, पुण्यातच ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू झाले. या शीर्षकातच समूहाची घोषणा आहे. मध्यंतरी, १९८२ मध्ये, नारी समता मंच उभा राहिला होता. म्हणजे वाचनातून जुळलेल्या नात्याला पानांबाहेरचा आधार आधीच मिळालेला होता. येथे निरोप हा शेवट न राहता स्थलांतर ठरला. वाचक नव्या नावाखाली पुन्हा जमू शकले, कारण त्यांना जोडणारा प्रश्न मासिकापेक्षा मोठा होता.

तेव्हाच्या औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी उभे केलेले ‘अस्मितादर्श’ही याच संदर्भात लक्षात घ्यावे लागते. या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावे भरविले. वाचकाने वाचकाला प्रत्यक्ष पाहावे, आजचा श्रोता उद्याचा लेखक व्हावा, अशी ती योजना होती. दलित साहित्याच्या चळवळीत वाचक आणि लेखक यांतील भिंत पातळ होती, ही गोष्ट केवळ सामाजिक नसून वाङ्मयप्रकारांच्या घडणीशीही संबंधित आहे. आत्मकथनाला जो श्रोता लागतो, तो अशा मेळाव्यांतून आधीच तयार झालेला होता. २०१८ मध्ये पानतावणे यांचे निधन झाले, तेव्हा संपादकाच्या जाण्याचे दुःख त्या वाचकांना एकट्याने करावे लागले नाही. ते परस्परांना ओळखत होते.

‘माणूस’ची परिस्थिती या दोहोंहून निराळी म्हणावी लागेल. वि. ग. कानिटकर, अरुण साधू यांच्यासारख्यांच्या लेखमाला या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. साधूंची ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ ही चिनी क्रांतीवरील लेखमाला पुढे पुस्तकरूपाने स्थिरावली. १९८६ मध्ये ‘माणूस’ थांबले, परंतु राजहंस प्रकाशनाच्या ग्रंथांतून त्याचा वारसा उपलब्ध राहिला, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. क्रमशः वाचणारा वाचक दोन हप्त्यांमधील आठवड्यात त्या मजकुराशी भांडत असतो, पुढे काय येईल याचा तर्क करीत असतो; शेजारच्या पानावरील सातारची अथवा बिहारची हकिगत चीनच्या हकिगतीला नकळत छेद देत असते. ग्रंथात हे शेजार नाहीसे होते. ग्रंथ मजकुराचा वारस असतो, समूहाचा नव्हे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. नियतकालिके बहुधा वाचक कमी झाल्यामुळेच थांबतात. मग निरोपाच्या वेळी हळहळणारे इतके दिवस कोठे होते? शोक करणाऱ्यांची संख्या नेहमीच वर्गणीदारांच्या संख्येहून मोठी असते, हे संपादकांचे जुने गाऱ्हाणे आहे. या आक्षेपाचा रोख मान्य केला, तर वाचकसमूह ही निव्वळ स्मरणरंजनाची निर्मिती ठरेल.

परंतु या विसंगतीतूनच समूहाचे खरे स्वरूप उमगते. ज्याने वर्गणी थांबविली, त्यानेही ते नियतकालिक चालू आहे, हे गृहीत धरलेले असते. आपण वाचीत नसलो तरी कोणीतरी वाचीत आहे, या खात्रीवर त्याचे सदस्यत्व टिकून असते. अखेरचा अंक ही खात्री काढून घेतो. शोक म्हणूनच वाचलेल्या अंकांबद्दल जितका असतो, तितकाच न वाचलेल्या, आता कधीच न निघणाऱ्या अंकांबद्दल असतो. त्यात अपराधाची छटाही असते, आणि ती झाकण्यासाठी गौरवाची भाषा वापरली जाते. निरोपाच्या लेखांतील अतिशयोक्ती तपासताना समीक्षकाने हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

लघुनियतकालिकांच्या चळवळीने अल्पायुष्य हे भूषण मानले. प्रस्थापित होण्यापूर्वी थांबावे, हा तिचा नैतिक आग्रह होता आणि त्यात तथ्य होते. पण दीर्घायुषी नियतकालिकाचे मोल वेगळ्या ठिकाणी असते. त्याचा वाचक त्याच्याबरोबर वयाने वाढतो. विद्यार्थिदशेत ज्या मताने तो पेटून उठला, तेच मत वीस वर्षांनी तो स्वतः मांडू लागतो, आणि हा बदल त्या बांधीव खंडांत पडताळून पाहता येतो. असा पडताळा देणारी दुसरी वाङ्मयीन संस्था मराठीत क्वचितच आढळेल.

तेव्हा नियतकालिकांच्या सूची सिद्ध करणाऱ्या संशोधकांनी लेख आणि लेखक यांच्याबरोबर वाचकांच्या पत्रव्यवहाराचीही सूची करावी, ही मागणी गौण मानता येणार नाही. सूचीकार बहुधा ही पाने ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतो. पुण्यातील जुन्या वाचनालयांत असे खंड अद्याप पाहावयास मिळतात. त्यांचा कागद मात्र फार काळ वाट पाहणारा नाही. अखेरच्या अंकाला उत्तर देण्याची संधी ज्याला मिळाली नाही, त्या वाचकाने पूर्वीच्या अंकांतून जे म्हणून ठेवले आहे, ते वाचले जाणे ही त्याच्या निरोपाची उरलेली एकमेव शक्यता होय.