उपग्रहीय ओझोन-मापन : एका प्रचलित कथेची चिकित्सा

अंटार्क्टिकावरील ओझोन-क्षयाच्या शोधाविषयी लिहिताना पुष्कळ लेखक एकच कथा सांगतात. 'निंबस-७' हा उपग्रह १९७८ पासून ओझोन मोजीत होता. परंतु फार कमी आकडे अशक्य मानून टाकून देण्याची आज्ञा त्याच्या गणकयंत्रास होती. त्यामुळे मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँकलिन ह्यांनी हॅली बे येथील डॉब्सन उपकरणाच्या आधारे घट जाहीर करीपर्यंत ती उपग्रहास दिसलीच नाही. यंत्र आंधळे व मनुष्य डोळस, हे तात्पर्य वाचकास रुचते. परंतु ते अर्धसत्य असून मापनाच्या अचूकतेविषयी चुकीचा धडा देणारे आहे.

वस्तुतः १८० डॉब्सन एककांखालील आकडे टाकून दिलेले नव्हते; त्यांवर संशयाची खूण केलेली होती. (शंभर एकके म्हणजे प्रमाण दाब व तापमान असता एक मिलिमीटर जाडीचा ओझोनचा थर.) १९८४ मध्ये अशा खुणा फार वाढल्याचे दिसताच संशोधकांनी ते आकडे भूस्थित मापनांशी ताडून पाहिले. दक्षिण ध्रुवावरील डॉब्सन उपकरण तर सुमारे ३०० एकके दाखवीत होते. त्या उपकरणाचेच आकडे सदोष होते, हे मागाहून कळले. येथे उपग्रह खरा होता, भूमीवरील साक्षीदार चुकला होता.

ह्याहून गंभीर दोषाचा प्रचलित कथेत उल्लेखही नसतो. वातावरणातून परत फिरलेल्या सूर्यप्रकाशाची थेट सूर्यप्रकाशाशी तुलना करून ही उपकरणे ओझोन काढतात, आणि थेट प्रकाश त्यांत एका विसरणपट्टीवरून घेतला जातो. 'निंबस-७' वरील दोन्ही ओझोनमापकांस एकच पट्टी होती. अतिनील किरणांनी ती काळवंडत गेली, तीही आखूड तरंगलांबीस अधिक. ह्या क्षयाची भरपाई अपुरी झाल्याने ओझोन आहे त्याहून कमी भासू लागला. जगभर वर्षाला सुमारे एक टक्का घट होते, असे निष्कर्ष निघाले. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ओझोन-कल मंडळाने डॉब्सन केंद्रांच्या मापनांशी तुलना करून ते अग्राह्य ठरविले. भूमीवरील मापनांनुसार ३० ते ६४ उत्तर अक्षांशांत १९६९ ते १९८६ ह्या संपूर्ण काळातील घट १.७ ते ३ टक्के होती. घट खरी होती. तिचा वेग मात्र खोटा होता. माँट्रियल करार १९८७ मध्ये नुकताच झालेला असता, अतिशयोक्त आकडा खऱ्या घटीविषयीही अविश्वास उत्पन्न करू शकला असता.

तेव्हा भूमी सत्य व आकाश असत्य, हा निवाडा टिकत नाही. पुढील सुधारणांचे स्वरूपही हेच सांगते. तरंगलांबींच्या भिन्न जोड्यांनी काढलेले ओझोनचे आकडे जुळतात की नाही, हे पाहून उपकरणाचा कालानुसारी विचलनदोष शोधण्यात आला. १९८९ ते १९९६ ह्या काळात अवकाशयानातून आठ वेळा नेलेल्या तशाच मापकाची प्रत्येक उड्डाणापूर्वी व नंतर भूमीवर तपासणी करण्यात आली आणि त्याच्या आधारे उपग्रहांचे आकडे पारखले गेले.

अचूकता केवळ उपकरणाच्या सूक्ष्मतेतून येत नाही. ज्यांच्या चुकांची कारणे भिन्न आहेत, अशा मापनांच्या परस्पर तपासणीतून ती येते. म्हणून उपग्रह आला की भूमीवरील केंद्रे अनावश्यक झाली, असे मानणे म्हणजे साक्षीदारास घालवून देऊन साक्षीवर विसंबणे होय.