शालेय समुपदेशनाचा वार्षिक कार्यक्रम : नियोजन व मूल्यमापनाची चिकित्सा
(बुऱ्हाणपूरच्या संदर्भात)

प्रास्ताविक

शाळेत समुपदेशनाची सोय असावी, हा विचार भारतात नवा नाही. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाची शिफारस केली होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे मार्गदर्शन प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून सुरू व्हावे, असे म्हटले. माध्यमिक शाळांकरिता किमान व्यवस्था म्हणून १० शाळांमागे एक फिरता समुपदेशक आणि त्याच्या मदतीला शिक्षक, अशी योजनाही या आयोगाने सुचविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समुपदेशकांची गरज नमूद आहे. शिफारशी पुरेशा आहेत. त्यांच्या आधारे आखलेल्या कार्यक्रमातून वर्षाअखेर विद्यार्थ्याच्या पदरी काय पडले, हे तपासण्याची रीत मात्र रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

नियोजनातील दोष

समुपदेशनाचा वार्षिक आराखडा बहुधा तारखांपासून सुरू होतो. जुलैत उद्बोधन, सप्टेंबरात तज्ज्ञांचे व्याख्यान, डिसेंबरात करिअर मेळावा, फेब्रुवारीत परीक्षेच्या ताणावर मार्गदर्शन. पुढील वर्षी साल बदलून तोच कागद पुन्हा सादर होतो. अशा आराखड्यात कार्यक्रम असतात, विद्यार्थी नसतात. कोणत्या इयत्तेत कोणती अडचण आहे, ती किती मुलांना आहे, याची नोंद आधी झाली तर कार्यक्रमाला दिशा मिळते. त्यासाठी वेगळ्या सर्वेक्षणाचीही आवश्यकता नाही. हजेरीपट, दाखल-खारीज नोंदवही, मागील वर्षाचा विषयवार निकाल आणि शाळा सोडल्याचे दाखले एवढी सामग्री प्रत्येक शाळेत असते.

जुन्या कागदाची नक्कल करण्यात आणखी एक धोका आहे. २०२२ साली केंद्र शासनाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली. त्यानंतरही जुन्याच माहितीवर पालकांना मार्गदर्शन करणारी शाळा त्यांची दिशाभूल करते. आराखड्यातील प्रत्येक माहिती वर्षारंभी पडताळून घेणे हा नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.

बुऱ्हाणपूरची परिस्थिती

१५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा झालेला बुऱ्हाणपूर जिल्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. हिंदी, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा येथे नांदतात. शहराचा मोठा आधार यंत्रमाग, तर ग्रामीण भागाचा केळी. उर्दू किंवा मराठीत शिकू लागलेल्या मुलाला पुढे हिंदी माध्यमाशी जुळवून घ्यावे लागले, तर त्याची अडचण अभ्यासाची आहे की भाषेची, हे केवळ गुणपत्रिकेवरून कळत नाही. घरच्या मागावर हात लावणाऱ्या मुलाची गैरहजेरीही ‘अभ्यासात रस नाही’ या एका शेऱ्यात गुंडाळली जाते.

सर्वांत गंभीर बाब आठवी आणि नववीमधील दरीची आहे. शिक्षण हक्क कायदा (२००९) आठवीपर्यंतच्या शिक्षणाची हमी देतो. ज्या शाळेत आठवीपर्यंतचेच वर्ग आहेत, तिने विद्यार्थ्याला दाखला दिला की तिचे काम संपते. तो नववीत कोठेच दाखल झाला नाही, तर पुढच्या शाळेला त्याची खबरही नसते. दोन्ही शाळांचे अहवाल निर्दोष असतात आणि मूल मात्र शिक्षणाबाहेर गेलेले असते. सच्चर समितीच्या अहवालानुसार (२००६) ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. हा आकडा आता जुना झाला. परंतु गळती कोठे आणि का होते हे शाळेने स्वतः शोधले पाहिजे, हा त्यातील बोध जुना झालेला नाही.

मध्य प्रदेशात शैक्षणिक सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. आठवीच्या मुलांशी व पालकांशी बोलणे जानेवारी-फेब्रुवारीतच झाले पाहिजे आणि नववीतील प्रवेशाची खात्री एप्रिलमध्ये व पुन्हा जुलैत करून घेतली पाहिजे. जुलैत आरंभ होणारा आराखडा या मुलांसाठी आधीच उशिरा आलेला असतो.

मूल्यमापनाच्या कसोट्या

अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनने २००३ मध्ये शालेय समुपदेशनाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक हे त्या संस्थेने शिफारस केलेले प्रमाण येथील शाळांच्या आवाक्यातले नाही. त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. मात्र त्या आराखड्यातील मूल्यमापनाची तीन अंगे घेण्यासारखी आहेत. किती विद्यार्थी सहभागी झाले, हे पहिले. त्यांच्या समजुतीत व वागण्यात कोणता फरक पडला, हे दुसरे. हजेरी, निकाल, प्रवेश यांत काय बदलले, हे तिसरे. आपल्याकडील अहवाल बहुधा पहिल्या अंगावरच थांबतात. २०० विद्यार्थी व्याख्यानाला बसले, एवढ्यावरून त्यांतील एकाचाही प्रश्न सुटला असे सिद्ध होत नाही.

तिसरे अंग तपासताना दोन पथ्ये पाळावीत. ४० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. म्हणून लहान शाळेत टक्केवारीपेक्षा नाववार यादी अधिक खरे सांगते. दुसरे पथ्य तुलनेचे. रमजान दर वर्षी इंग्रजी तारखेप्रमाणे सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. २०२५ साली तो मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत होता. अशा वर्षाच्या मार्चमधील हजेरीची मागील एखाद्या वर्षाच्या मार्चशी सरळ तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो. मागाच्या कामातील तेजी-मंदी आणि केळी-कापणी यांचाही हजेरीवर परिणाम होऊ शकतो. हजेरी वाढली की श्रेय समुपदेशनाला आणि घटली की दोष पालकांना, हा न्याय संशोधनाचा नव्हे.

नाववार यादी समुपदेशकापाशीच राहावी. वार्षिक अहवालात फक्त संख्या यावी. मात्र संपूर्ण गुप्ततेचे वचन मुलाला देता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे पोक्सो कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. तसेच शिक्षकाच्या आवाक्याबाहेरच्या मानसिक त्रासासाठी टेली-मानस (१४४१६) आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आराखड्यातच नोंदलेले असावेत.

महाविद्यालयांचा वाटा

शाळेत न मिळालेल्या मार्गदर्शनाची किंमत पुढे महाविद्यालयीन शिक्षकांना मोजावी लागते. विषय चुकून निवडलेला, माध्यम बदलल्याने अबोल झालेला विद्यार्थी प्रथम वर्षात त्यांच्यासमोर बसतो. कोठारी आयोगाची १० शाळांमागे एका समुपदेशकाची कल्पना अशा ठिकाणी उपयोगी पडते. एका महाविद्यालयाने परिसरातील शाळांचा गट करून आठवीच्या दाखल्यांचा आणि नववीच्या प्रवेशांचा मेळ घालावा, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गशिक्षकांना नोंदी ठेवण्यास शिकवावे. यादी जुळविण्याचे काम शाळांच्या शिक्षकांनीच करावे, म्हणजे मुलांची नावे बाहेर जाणार नाहीत.

समारोप

वर्षाअखेरीच्या अहवालात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. आठवीतून गेलेल्या प्रत्येक मुलाचा पुढचा प्रवेश झाला काय? सतत गैरहजर असलेल्यांपैकी किती जण परतले? अकरावीचा विषय किती जणांनी माहिती घेऊन निवडला? या उत्तरांवरून पुढील वर्षाचा आराखडा बदलला, तरच मूल्यमापन झाले असे म्हणता येईल. जे मूल परतले नाही, त्याच्यापासून त्या आराखड्याची सुरुवात व्हावी.