रॉयल ऑपेरा हाउस : वास्तू आणि स्वर

मुंबईच्या गिरगावातील रॉयल ऑपेरा हाउसविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा त्याच्या शोभेविषयी असते. सोनेरी मुलाम्याची नक्षी, ससून घराण्याकडून आलेली स्फटिकाची झुंबरे, कवी-नाटककारांना वाहिलेला अष्टखंडी घुमट यांच्या वर्णनात लेखणी रमते. आणि नाट्यगृह हे मुळात ऐकण्याचे स्थान आहे, ही गोष्ट बाजूस पडते. तंबोऱ्याची परीक्षा त्याच्या भोपळ्यावरील वेलबुट्टीवरून करावी, तसाच हा प्रकार होय.

कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांच्या उद्योगातून ही वास्तू उभी राहिली. 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा बांधकाम अपुरेच होते. बरोक शैलीचा हा डौल युरोपीय प्रेक्षकाला परिचित वाटावा याच हेतूने योजलेला होता. तथापि त्याच्या छताची रचना मात्र कोणत्याही एका जातीच्या प्रेक्षकापुरती नव्हती. सर्वात वरच्या गॅलरीतील माणसालाही शब्द आणि स्वर स्वच्छ ऐकू यावेत, अशी ती होती. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात याहून मोठे दान नाट्यगृह नटाला देऊ शकत नाही.

हे दान मराठी संगीत नाटकालाही लाभले. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांचे गायन या रंगमंचावर झाले. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑपेराचा स्वर संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. गायक आणि वाद्यवृंद दोघेही त्या लेखाला बांधलेले. उलट मराठी नाट्यपद रसिकाच्या ‘वन्स मोअर’ने वाढते, आलापीत विसावते, कथानकाला खुशाल खोळंबवून ठेवते. मोजूनमापून आखलेल्या सायंकाळीसाठी बांधलेल्या वास्तूत ही लवचीक कला नांदली, ती पाहुणी म्हणून. किंबहुना तिच्या रूपावर या वास्तूचा ठसा फारसा उमटलाच नाही. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरची गोष्ट निराळी. 1915 साली शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच ते उभारले. मल्ल आणि गवई यांना शेजारी बसविण्यात एक निश्चित रसिकदृष्टी होती. पुढे केशवराव भोसले यांचे नाव धारण करणारी ही वास्तू 8 ऑगस्ट 2024 रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाली. आपल्या हातांनी, आपल्या कलेसाठी बांधलेले जे थोडे होते, त्यातले हे होते.

वास्तूवाचून नाट्य उभे राहते काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. सोव्हिएत साहाय्याच्या 1955 च्या करारातून भिलाई जन्मास आली. 1959 मध्ये तिची पहिली झोतभट्टी पेटली. पोलाद हेच प्रयोजन असलेल्या या नगरीजवळच्या गनियारी गावातून तीजनबाई आल्या. स्त्रियांनी बसून गाण्याचा रिवाज मोडून त्यांनी उभ्याने पांडवानी सादर केली. हातातला तंबोरा घटकेत भीमाची गदा होई, घटकेत अर्जुनाचे धनुष्य. साथीदारांपासून त्या दोन पावले पुढे सरकल्या की तेवढ्या अंतरात रंगमंच तयार होई. पडदा नाही, विंग नाही, घुमट नाही. ऑपेरा हाउसच्या कीर्तीने दिपलेल्या समीक्षेने हे दोन पावलांचे अंतर एकदा मोजून पाहावयास हवे.

म्हणून ऑपेरा हाउस निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. उघड्यावर हरवणारा तलम स्वर जपण्यासाठी भिंती लागतातच. दुर्दैव असे की, चित्रपटाने ही वास्तू व्यापल्यावर अंतर्रचनेत फेरफार झाले, आणि नटाच्या कंठासाठी जुळविलेले छत पडद्यामागील कर्ण्यांच्या सेवेस लागले. 1952 मध्ये ती गोंडल संस्थानच्या राजघराण्याकडे गेली. 1993 मध्ये दारे बंद झाली. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर 2016 मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ तेथे गायल्या. ऑपेराचा कंठ असा शतकानंतर आपल्या घरी परतला. नाट्यपदाला मात्र मधल्या काळात ध्वनिवर्धकाची सवय जडली आहे. त्या छताखाली ध्वनिवर्धक बाजूस ठेवून ते म्हणून पाहणारा गायक अद्याप हवाच आहे.