हिरवा ठिपका कुणासाठी?

पाकीट हातात आलं की आधी उलटं करून वाचायचं, ही सवय आम्हा जैन बायकांना वेगळी शिकवावी लागत नाही. जिलेटिन आहे का, कांदा-लसणाची पूड आहे का, हे बघितल्याशिवाय बिस्किटाचा पुडासुद्धा स्वयंपाकघरात जात नाही. 2001मध्ये खाद्यपदार्थांवर हिरवी-तपकिरी खूण सक्तीची झाली आणि आपलं काम सोपं झालं. आता डिंडोलीतल्या आमच्या सोसायट्यांमध्ये कुत्री-मांजरं पाळणारी घरं दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या खाण्याची पाकिटंही आपण तशीच वाचतो. ठिपका हिरवा दिसला की समाधान. या वाचनावर मला थोडी टीका करायची आहे, आणि ज्या नियमांनी ते पाकीट असं छापलं जातं त्यांच्यावर जास्त.

आधी आपल्याच घरातलं बघू. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या शब्दाची व्याख्या माणसाच्या खाण्यापुरती आहे. जनावरांचं खाद्य तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. म्हणजे त्या कायद्याची ठिपक्याची सक्ती कुत्र्याच्या पाकिटाला लागत नाही. काही कंपन्या तो छापतात, कारण गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. भारतीय मानक ब्यूरोचं आय. एस. 11968 हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक आहे, 2019मध्ये ते सुधारून आलं. पण ते ऐच्छिक. वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता हे वजनमापाच्या नियमांनी छापावंच लागतं. परदेशातून प्राणिजन्य खाद्य आणायचं तर 1898च्या पशुधन आयात कायद्याखाली परवाना लागतो, पण त्या कायद्याला चिंता आहे ती बाहेरचा रोग देशात शिरण्याची. थोडक्यात, गिऱ्हाईकाच्या पैशाची काळजी झाली, देशातल्या गुरांची झाली. ज्याच्या पोटात हे जाणार, त्याच्या पोषणाचा हिशोब मात्र ऐच्छिक राहिला.

अमेरिकेत आफ्को नावाची संस्था आहे. राज्याराज्यांतल्या पशुखाद्य-अधिकाऱ्यांची ही संघटना 1909ची. ती नमुना-नियम लिहिते आणि राज्यं ते आपल्या कायद्यात घेतात. तिचे नावाबद्दलचे नियम मला फार आवडले, कारण शब्दाला किंमत कशी लावावी ते त्यात दिसतं. पाकिटावर नुसतं ‘चिकन’ म्हणायचं तर, घातलेलं पाणी सोडून, 95 टक्के चिकन हवं. ‘चिकन डिनर’ म्हटलं की 25 टक्के पुरतं. ‘विथ चिकन’ म्हटलं की 3 टक्के. आणि ‘चिकन फ्लेवर’ म्हटलं तर टक्केवारी नाहीच, चव ओळखू आली म्हणजे झालं. केशराचा पेढा आणि केशरी पेढा यातला फरक कळणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

पण नियमाचा दोषही इथेच आहे. शब्दांची ही किल्ली गिऱ्हाईकाच्या हातात कुणी देत नाही. दुसरं म्हणजे, आफ्को स्वतः कुठलंही खाद्य तपासत नाही, मंजूर करत नाही. आपल्याकडच्या पाकिटांवर तिचं नाव दिसतं तेव्हा अर्थ इतकाच, की ‘त्या मापाप्रमाणे बनवलं’ असं कंपनी म्हणते. त्याला शिक्का समजू नये.

नुसता आकडा किती फसवतो, ते 2007च्या मार्चमध्ये कळलं. उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागली आणि मेनू फूड्स या कंपनीला सहा कोटींहून जास्त डबे-पाकिटं परत मागवावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघालं. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवतात, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून आकडा फुगतो. दुधात युरिया घालणाऱ्याची हीच युक्ती. त्यानंतर जपाननं 2008मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी स्वतंत्र कायदाच केला, तो 2009च्या जूनपासून लागू आहे. चीननंही 2018मध्ये आपले नियम काढले. ऑस्ट्रेलियात मात्र आपल्यासारखंच ऐच्छिक मानक होतं. तिथे 2018मध्ये संसदेच्या समितीनं ते सक्तीचं करा अशी शिफारस केली, तीही कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारींनंतरच. नियम बहुतेक वेळा कुणाचं तरी मरण झाल्यावर लिहिला जातो, हे वाचून मन खट्टू होतं.

युरोपचा नियम उगमाबद्दल सर्वांत कडक. माणसाच्या खाण्यासाठी योग्य ठरलेल्या जनावराचेच उरलेले भाग पाळीव प्राण्यांच्या खाद्यात चालतात, रोगानं मेलेलं जनावर चालत नाही. वेड्या गाईच्या रोगानं त्यांना हे शिकवलं. पण लेबलावर ‘मांस आणि प्राणिजन्य पदार्थ’ अशी मोघम ओळ लिहिण्याची मुभा तिथेही आहे. गंमत म्हणजे आपल्याच देशातून तिकडे असं खाद्य पाठवायचं तर मान्यताप्राप्त कारखाना आणि आरोग्य-प्रमाणपत्र लागतं. परदेशातल्या कुत्र्यासाठी जो कागद आपण तयार करतो, तो डिंडोलीतल्या कुत्र्यासाठी का नको?

आता आपल्या समाजाला थोडं टोचेल असं. मांजर हा निसर्गानंच मांसाहारी जीव. टॉरिन हे द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की हृदय फुगून निकामी होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1987मध्ये दाखवलं. तेव्हा बाजारातलं खाद्य खाणाऱ्या मांजरींनाही हा आजार होत होता. पुढे कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. कृत्रिम टॉरिन मिळतं, पण प्रश्न एकट्या टॉरिनचा नाही. गाजरातल्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणंही मांजरीला जमत नाही. कुत्र्याचं शाकाहारी खाण्यावर, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून नीट बेतलं तर, निभू शकतं. मांजरीला दूध-भात घालून ‘आमची माऊ शुद्ध शाकाहारी’ म्हणणं ही जीवदया नव्हे. आपल्या व्रताचा भार आपण त्या मुक्या जिवावर टाकतो. मांस घरात आणणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी मांजर पाळू नये. हा निर्णय कठीण नाही, आणि त्यात कुणाची हिंसाही नाही. तसंच तपकिरी ठिपक्याचं पाकीट आणणारीनंही ते कत्तलखान्यातून उरलेल्या भागांचं आहे हे माहीत असूनच आणावं.

जनावरांची काळजी या शहराला नवी नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन 1690मध्ये सुरतेत आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा आजारी-लंगड्या जनावरांच्या इस्पितळाची नोंद आहे. त्या सुरतेत आज कुत्र्याचं खाद्य काही दुकानांत पोत्यातून काढून किलोवर सुट्टं मिळतं. लेबल पोत्यावर राहतं, घरी येते नुसती पिशवी. मग कुठला देश आणि कुठलं मानक!

म्हणून मैत्रिणींनो, सुट्टं घेऊ नका. ठिपका बघा, पण तिथे थांबू नका. हे रोजचं पूर्ण जेवण आहे की नुसता खाऊ, कोणत्या जनावरासाठी आणि कोणत्या वयासाठी आहे, आणि मानक ब्यूरोची खूण आहे का, एवढं वाचा. नसेल तर दुकानदाराला विचारा, पाकिटावरच्या ग्राहक-क्रमांकावर फोन करा. आणि 11968 हे मानक सक्तीचं करा, असं पत्र आपल्या महिला मंडळांनी दिल्लीला पाठवायला काय हरकत आहे? हिरव्या ठिपक्यासाठी आवाज उठवणारा आपला समाज. तो ठिपका आपल्यासाठी होता. हे पत्र त्यांच्यासाठी लिहू.